काकांचा गेरू-चुना

सकाळी दार उघडलं तर शेजारच्यांचे वडील, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले, माझ्या झाडाची साल सोलत उभे. हात पोचेल तिथवर खोड साफ.

"आजारी आहे हो. मेलेली कातडी काढली."

झाड ठणठणीत आहे. रिव्हर बर्च, बेटुला नायग्रा. अमेरिकेच्या पूर्वेकडे ओढ्या-नद्यांच्या काठचं, भूर्जपत्राच्या झाडाचं इकडचं भावंड. साल आपोआप सुटते, आतून गुलाबीसर रंग डोकावतो, आणि त्या रंगासाठीच लोक ते लावतात. हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी मी थांबायची वाट पाहिली.

"आणि एका खड्ड्यात तीन लावलीत?"

"एकच आहे, काका. नर्सरीत असंच तीन खोडांचं मिळतं."

"फसवलं तुम्हाला. दोन कापा, तिसरं जोमानं वाढेल."

"साठ-सत्तर फूट जातं ते! अजून किती जोम?"

"मग घराला खेटून कशाला लावलंत?"

यांच्याशी वाद घालणाऱ्यानं आधी पोटभर नाश्ता करावा.

पुढे उपाय निघाला: गेरू आणि चुना. "आमच्याकडे रस्त्यावरच्या सगळ्या झाडांना लावतात. कीड नाही, काही नाही. दोन मुठी चुना मुळाशीही टाकू."

मुळाशी चुना! या झाडाला आम्लधर्मी माती लागते. मातीचा सामू, म्हणजे पीएच, साडेसहाच्या वर गेला की लोह मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आणि कीड म्हणाल तर पांढऱ्या बर्चला पोखरणारी अळी याच्या वाटेला सहसा जात नाही.

"सामूचं मला सांगू नका," काका म्हणाले. "तीस वर्षं बँकेत काढलीत."

सल्ला द्यायला सगळे. ऑगस्टात पाईप धरायला कोणी येत नाही. पाऊस दडला, माती सुकली की हे झाड भर उन्हाळ्यात पानं गाळायला लागतं. काटक्या तर बारा महिने. त्यातली एखादी शेजारच्या लॉनवर उडाली की एचओएचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र मला. लॉनला रोज पाणी पाजतात त्यांचं कौतुक, आणि इथल्याच मातीतलं झाड लावलं तर मी कचरा करणारा!

परवाच्या पत्रात झाड 'रोगट' असल्याचं लिहिलंय. तक्रार कोणी केली ते सांगत नाहीत. काकांच्या मुलानं शिडी मागितली, तर ती मोडली आहे असं सांगायचं घरात ठरलंय.