‘चिंता सोडा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या वर्षी आईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट हातात यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत एकच मेसेज आम्हाला चार नातेवाइकांनी पाठवला. तुम्हालाही आला असेल: ‘९१ टक्के चिंता कधी खऱ्या होतच नाहीत, हे संशोधनानं सिद्ध झालंय. चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक. वाईट विचार आला की लगेच मनातून काढून टाका. चांगला विचार करा, चांगलंच घडेल. जे हातात नाही त्याचा विचारच करू नका.’

पाठवणाऱ्यांना आमची काळजी होती. तरीही हा मेसेज चुकीचा आहे, आणि कुणी रिपोर्टची, निकालाची नाहीतर पावसाची वाट बघत बसलंय अशा घरात तो त्रास वाढवतो. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेते.

‘९१ टक्के चिंता खऱ्या होत नाहीत.’

आकडा खोटा नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या लुकस लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन यांच्या, २०२० मध्ये छापून आलेल्या अभ्यासातला तो आहे: ९१.४ टक्के. पण त्या अभ्यासात माणसं होती २९, आणि सगळी अतिचिंतेच्या विकाराची. ज्या बाईच्या छातीत खरंच गाठ सापडली आहे तिच्या भीतीला हा आकडा लावता येत नाही. शिवाय मेसेजनं मुख्य गोष्टच गाळली आहे. त्या लोकांनी चिंता सोडून दिल्या नव्हत्या. दहा दिवस त्या लिहून काढल्या होत्या आणि पुढे महिनाभर कुठली खरी झाली, कुठली नाही, हे तपासलं होतं. ज्यांच्या जितक्या जास्त चिंता खोट्या ठरल्या, तितका त्यांना जास्त आराम पडला. म्हणजे उतार पडला तो चिंतेकडे डोळे उघडून बघितल्यावर. मेसेज नेमकं उलट सांगतो.

‘वाईट विचार लगेच काढून टाका.’

१९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं काही विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर, आधी विचार दाबणाऱ्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. आमच्या घरी असंच झालं. आईसमोर कुणी ‘कॅन्सर’ हा शब्द काढायचा नाही असं ठरलं आणि स्वयंपाकघरात, जिन्यात, रात्री दिवा मालवल्यावर तोच एक शब्द आमच्यात वावरत राहिला. पाचव्या दिवशी आत्यानं सरळ विचारलं, “वहिनी, भीती कशाची वाटतेय?” आई म्हणाली, “केस जाण्याची. आणि तुमच्यावर भार होण्याची.” मरणाचं नाव तिनं घेतलंच नाही. आम्ही भलत्याच भीतीची समजूत घालत होतो.

‘चांगला विचार करा, चांगलंच घडेल.’

हे वाक्य मला क्रूर वाटतं. रिपोर्ट वाईट आला, तर तो आईच्या विचारांमुळे आला असं म्हणायचं का? गाठीतल्या पेशी कशा आहेत हे तुकडा काढतानाच ठरलेलं असतं. आणि चांगला विचार केल्यानं वाट बघणं तरी सोपं होतं का? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेचा निकाल लागायला तेव्हा चार महिने लागायचे. केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या २३० परीक्षार्थींचा त्या काळात मागोवा घेतला. आशावादी राहण्याच्या खटपटीनं वाट बघणं सोपं झालं नाही. उलट वाईटाची धास्ती घेऊन बसलेल्यांनी नापासाची बातमी जास्त सावरून घेतली आणि पासाचा आनंदही त्यांना जास्त झाला.

चिता-चिंतेच्या टिंबाबद्दल फार लिहीत नाही. तो शब्दांचा खेळ आहे, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला ‘तू स्वतःला जाळतोयस’ असं ऐकवून त्याला धीर कसा येईल?

‘हातात नाही त्याचा विचारच करू नका.’

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली ४५ जणांवर एक प्रयोग झाला. हाताला विजेचा हलका झटका बसणार हे पक्कं माहीत असताना जितका ताण आला, त्याहून जास्त ताण बसेल-न बसेल अशी निम्मी-निम्मी शक्यता असताना आला. म्हणजे अधांतरी राहणं हाच शरीराला मार असतो. त्यात कुणाचं मन कमकुवत नसतं. आणि निकाल हातात नसला तरी त्याभोवतालचं बरंच काही असतं. आम्ही लॅबमध्ये विचारलं तेव्हा कळलं की तुकडा आधी फॉर्मॅलिन नावाच्या रसायनात मुरवतात, मेणात बसवतात, अतिपातळ काप काढून रंगवतात, आणि काही वेळा वेगळ्या रंगाच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. रिपोर्ट लांबला म्हणजे वाईटच, ही आमची समजूत तिथं गळून पडली.

दुसरं केलं ते चिंतेला वेळ नेमून देण्याचं. थॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये मांडलेली ही रीत आहे: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास चिंता करायची, एरवी आली तर त्या वेळेवर ढकलायची. आमची वेळ संध्याकाळी पावणेसातची, जागा गॅलरीतली. पहिले दोन दिवस आई नुसती रडली. तिसऱ्या दिवशी तिनं वही मागितली आणि डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न लिहिले.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला. उपचार झाले, केस गेले, परत आले. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. तारीख जवळ आली की आई सकाळीच विचारते, “पावणेसातला घरी असशील ना?”