म्हणे 'आता फास्ट वाटतंय'

परत तेच. पोस्टग्रेस डेटाबेस स्लो झाला की कुणीतरी उठतो आणि सांगतो, शेअर्ड बफर्स (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) रॅमच्या २५ टक्के कर. का? तर सगळे करतात म्हणून! अरे आपला लोड कसला, क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) कसल्या, काही बघशील की नाही? मग दुसरा येतो, वर्क मेम (सॉर्टसारख्या कामाला लागणारी मेमरी) ४ एमबीच आहे होय, कर २५६, आणि या बाबाला हे माहीतच नाही की ती मेमरी अख्ख्या सर्व्हरला मिळून नसते, एकेका क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला वेगळी लागू शकते, मग शंभर कनेक्शन एकदम आली की रात्री तीनला सर्व्हर आडवा आणि फोन कोणाला? मला. रँडम पेज कॉस्ट (डिस्कवरचं इकडचं तिकडचं पान वाचणं किती महाग धरायचं तो आकडा) मात्र अजून ४ वरच, फिरत्या डिस्कच्या जमान्यातला आकडा, खाली एसएसडी आहे तरी. त्याला सोवळं!

मोजायचं नाव नको. एकदम पाच सेटिंग बदलायची, रिस्टार्ट मारायचा आणि 'फास्ट वाटतंय'. वाटतंय?? अडकलेली क्वेरी रिस्टार्टने मेली म्हणून फास्ट झालं रे!

ड्यूक युनिव्हर्सिटीवाल्यांनी २००९ मध्येच आयट्यून्ड नावाचं, सेटिंग आपोआप जुळवणारं टूल करून दाखवलं, रिकाम्या पडलेल्या मशीनवर प्रयोग चालवायचे, पुढचा प्रयोग कुठला तेही प्रोग्रामच ठरवणार. आमचा स्टँडबाय, म्हणजे राखीव सर्व्हर? दिवसभर माशा मारतोय. प्रयोग चालतात ते थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरतायत त्या चालू सर्व्हरवर, शुक्रवारी संध्याकाळी.