बिघडवून मिळेल

माझ्या नवऱ्याने एका धडधाकट गाडीचे चांगले ब्रेक काढून वाईट बसवले, एसी उपटून टाकला, टायर असे घातले की सरळ रस्त्यावरही गाडीला वाट सोडाविशी वाटते, आणि या प्रत्येक कामाचे डॉलरमध्ये पैसे मोजले. कोणी विचारलंच तर तो अभिमानाने सांगतो, “गाडी ओरिजिनल करतोय.” डेट्रॉइटच्या परिसरात हे कारण खपून जातं. इथल्या आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या गाडीच्या दरवाजाच्या नाहीतर वायपरच्या इंजिनिअरलाच लागेल. आमचे हे सीटवाले. दिवसा इलेक्ट्रिक गाड्यांच्या सीटा जास्त आरामशीर करायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन एका गाडीतला होता-नव्हता तेवढा आराम काढून टाकायचा, असा त्यांचा दिनक्रम.

गाडी म्हणजे 1967 ची पाँटिअ‍ॅक जीटीओ. मध्यम चणीची, दोन दारांची, आणि पोटात 400 घनइंचाचं, म्हणजे साडेसहा लिटरचं व्ही-एट इंजिन. 335 हॉर्सपॉवर. अ‍ॅव्हरेज विचारू नये. त्या वर्षी अशा 81,722 जीटीओ बनल्या. त्यातली नेमकी एक आमच्या नशिबी आली.

आली तेव्हा ती काळी कुळकुळीत होती, बॉनेटवर नारिंगी ज्वाळा रंगवलेल्या, चाकं क्रोमची, आत थंडगार एसी, गाणी लावली की खिडक्या थरथरायच्या. मला ती आवडली होती, हे इथे नोंदवून ठेवते. मुलांना तर इतकी आवडली की शाळेत आमची पत वाढली. पण नवऱ्याने बॉनेट उघडलं आणि आत वाकून बघताना त्याचा चेहरा सुतकी झाला. आत नारिंगी रंगाचं इंजिन होतं. पाँटिअ‍ॅकचं इंजिन निळं असतं, नारिंगी शेव्हरोलेचं. दोन्ही एकाच जनरल मोटर्सची लेकरं. पण पाँटिअ‍ॅकवाल्यांना हे असलं सांगून पाहा. आधीच्या मालकाने स्वस्तातलं, सहज मिळणारं शेव्हीचं इंजिन ठोकून दिलं होतं आणि ते बिचारं इमानेइतबारे चालत होतं. त्याचा हाच गुन्हा.

मग कागद मागवला. पाँटिअ‍ॅक हा ब्रँडच 2010 मध्ये बंद झाला, पण पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस म्हणून एक ठिकाण आहे. त्यांना गाडीचा नंबर कळवला आणि फी भरली की कारखान्यातून गाडी निघताना फाडलेल्या बिलाची प्रत मिळते. आमच्या घरात त्या कागदाला पत्रिका म्हणतात, कारण तो ज्या आवाजात वाचला गेला तो आवाज मी आमच्या लग्नाआधी एकदाच ऐकला होता. पत्रिकेत निघालं ते असं: रंग लिंडन ग्रीन, एक मवाळ हिरवा, ज्याला बघून कोणी मान वळवत नाही. सीट काळ्या व्हिनाइलच्या. रेडिओ एएम. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. एसी नाही. पहिल्या गिऱ्हाइकाने पैसे वाचवले होते. साधा, काटकसरी, हिशेबी माणूस असणार. त्याच्या काटकसरीची किंमत आम्ही अजून फेडतोय.

बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर एक चिमुकली पट्टी असते, तिच्यावर 03सी असं ठोकलेलं सापडलं. मार्च महिना, तिसरा आठवडा. इथून खरी साडेसाती सुरू झाली. कारण या गाड्यांच्या ओतीव भागांवर तारीख ओतलेली असते: जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, पुढे दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. गाडी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जन्मली म्हणजे तिच्यातला प्रत्येक भाग त्याच्या आधीचा हवा, पण फार आधीचाही नको. एप्रिलचा भाग लागला तर पाप. स्पार्क प्लगच्या वायरींवरसुद्धा तिमाही छापलेली असते, आणि त्या तिमाहीच्या वायरी नव्याने छापून विकणारे लोक आहेत. म्हणजे आज बनवलेल्या वायरीवर 1966 ची शेवटची तिमाही छापायची, आणि त्या खोटेपणाचं नाव ओरिजिनल! हे मी एकदा बोलून दाखवलं. उत्तरादाखल मला रबरी पाइपाच्या क्लिपांबद्दल अर्धा तास ऐकावं लागलं. स्क्रूने आवळायच्या क्लिपा चुकीच्या असतात, एवढंच त्यातलं लक्षात राहिलं.

हर्शी हे पेनसिल्व्हेनियातलं चॉकलेटचं गाव. तिथे दर ऑक्टोबरात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा अफाट बाजार भरतो. मुलांना चॉकलेटचं आमिष दाखवून नेलं आणि दिवसभर गंजलेल्या लोखंडाच्या रांगांतून फिरवलं. नवरा प्रत्येक टेबलाशी थांबायचा, एखादं तेलकट धूड उचलून चष्मा कपाळावर चढवायचा आणि कोपऱ्यातला आकडा वाचायचा. संध्याकाळी त्याला हवा तो इंजिनाचा ब्लॉक मिळाला. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर दोन रडवेली मुलं, डिकीत ब्लॉक, आणि गाडीभर पन्नास वर्षांपूर्वीच्या ऑइलचा वास. चॉकलेट मीच खाल्लं.

ब्रेकच्या वेळी मात्र मी आडवी पडले. पुढचे डिस्क ब्रेक उत्तम लागत होते. ड्रम ब्रेक दोन-तीनदा जोरात दाबले की तापतात आणि मग नुसता पाय आत जातो. नवऱ्याचं म्हणणं, “त्या काळी लोक असंच चालवायचे.” त्या काळी लोक गाडीत बसून सिगारेटीही ओढायचे. शेवटी तह झाला: ब्रेक त्याच्या मनासारखे, पट्टे माझ्या. खांद्यावरून येणारे पट्टे अमेरिकेत 1 जानेवारी 1968 पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या आमच्या पत्रिकेत फक्त कमरेचे आहेत. आधीच्या त्या बदनाम मालकाने मात्र पूर्ण पट्टे बसवून घेतले होते. मी सांगितलं, हे निघाले की मी आणि मुलं उतरलो. प्रदर्शनाला जाताना नवरा ते सोडवतो, घरी आल्यावर मुकाट्याने परत बसवतो.

या सगळ्यात सासरे आले. बाबांची उभी हयात दापोडीच्या एसटी वर्कशॉपात गेली. इंजिन म्हटलं की त्यांचे हात शिवशिवतात. पहिल्याच दिवशी गॅरेजमध्ये एक चक्कर मारून त्यांनी मला बाजूला घेतलं. “अगं, हा डिस्क काढून ड्रम लावतोय?”

“हो बाबा.”

“कोणी सांगितलं?”

“कागदात आहे.”

बाबा गप्प झाले. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कागदाचा मान असतो.

आता एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या गाड्यांच्या काही स्पर्धांत परीक्षक टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतात, आणि कारखान्यापेक्षा चांगलं काम दिसलं की गुण कापतात. 1967 साली कामगार घाईत असत. रंगाचे ओघळ राहायचे, रंगाचा फवारा नको तिथे उडायचा, तपासनीस खडूने वेड्यावाकड्या खुणा करून पुढे जायचा. ते सगळं जसंच्या तसं हवं. आमच्या रंगवाल्याला नवऱ्याने डिकीच्या कडेला दोन ओघळ सोडायला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग दुखावला, आणि शेवटी म्हणाला की तसं काम करून मी माझं नाव खराब करणार नाही. तेव्हा नवऱ्याने स्वतःच, न बिघडलेल्या एका गाडीचे फोटो समोर ठेवून, ब्रशाने ते ओघळ काढले. पहिला फार सुबक आला म्हणून पुसून पुन्हा काढला. खडूची खूण तर मुलांच्या गृहपाठाच्या पाठकोऱ्या कागदांवर गिरवून गिरवून हातात बसवली, तेव्हा कुठे कामगाराचा कंटाळा अक्षरात उतरला.

एका सकाळी नवरा ऑफिसला गेल्यावर बाबांनी वॉटर पेपर मागितला. मला वाटलं, काहीतरी किरकोळ असेल. संध्याकाळी गॅरेजमधून आवाज आला, “बाबा! काय केलंत हे?”

“ओघळ होते दोन. घासून काढले. हात फिरवून बघ.”

“ते ओरिजिनल होते!”

“ओघळ?”

“मी काढले होते ते!”

बाबांनी मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “आणि ती पिवळी रेघ कोणा पोराने ओढली होती ती पण पुसलीय,” ते शांतपणे म्हणाले. “एसटीत असा रंग देऊन गाडी बाहेर काढली असती तर फोरमनने आम्हाला उभं जाळलं असतं.”

जेवताना कोणी कोणाशी बोललं नाही. बाबा मात्र वरण दोनदा घेऊन जेवले. चांगलं काम केलेल्या माणसाला भूक लागतेच.

बाबा परत गेल्यावर ओघळ पुन्हा आले. त्या दिवसांत मला एक गोष्ट वाचायला मिळाली आणि मी ती जेवणाच्या टेबलावर टाकली. जीटीओ मुळात आली कशी? साठच्या दशकात जनरल मोटर्सचा नियम होता, मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डीलोरिअन आणि त्याच्या पाँटिअ‍ॅकमधल्या मंडळींनी 1964 च्या टेंपेस्ट ल मान्स या आपल्या मध्यम गाडीत 389 चं इंजिन बसवलं, आणि ते गाडीचं इंजिन न म्हणता जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय म्हणून यादीत टाकलं. पर्यायांबद्दल नियमात काही म्हटलं नव्हतं. “म्हणजे,” मी म्हटलं, “छोट्या गाडीत दुसरंच मोठं इंजिन कोंबायचं हे कंपनीनेच केलं होतं. तुझा तो ज्वाळावाला पूर्वज त्याच परंपरेतला.”

“ते कारखान्यात केलं होतं,” नवरा म्हणाला, आणि उठून हात धुवायला गेला.

एक सुटा भाग मात्र मलाही पटला. आमची गाडी ऑटोमॅटिक, आणि तिचा गिअरचा दांडा हर्स्ट कंपनीचा, दोन खाचांचा. एका खाचेत टाकला की नुसतं डी लावून निमूट चालवायचं, दुसऱ्या खाचेत स्वतः हाताने गिअर बदलत धूम ठोकायची. याचं प्रसिद्ध नाव हिज अँड हर्स. निमूट खाच बाईची, हे काय सांगायला हवं? आधीच्या मालकाने तो काढून साधा दांडा बसवला होता. खरा मिळवायला नवऱ्याला चांगलीच झळ लागली, आणि मी एका शब्दाने बोलले नाही. पुरुषांच्या खाचेत गाडी फार छान पळते.

पळते म्हणजे जेव्हा पळवता येते तेव्हा. हिला ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट आहे. मिशिगनच्या कायद्याने अशी गाडी क्लबचे कार्यक्रम, प्रदर्शनं, परेड यांनाच न्यायची, भाजी आणायला नाही. फक्त ऑगस्ट महिना मोकळा. त्याच महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर 1995 पासून ड्रीम क्रूझ भरते, फर्नडेलपासून थेट पाँटिअ‍ॅक गावापर्यंत जुन्या गाड्यांची रीघ लागते, आणि आमची हिरवी त्यात मुंगीच्या पावलाने तापत सरकते. गणपती ऑगस्टात आले तर आम्ही मंडळात हीच नेतो. सप्टेंबरात आले तर नवऱ्याचं कायदेशीर मत असं की विसर्जनाची मिरवणूक ही परेडच आहे. एसी नसलेल्या गाडीत काळ्या व्हिनाइलवर पैठणी नेसून बसण्याबद्दल कायद्यात काही नाही. उतरताना पैठणी माझ्याबरोबर लगेच येत नाही, एवढं सांगते. रात्रभर उभी राहून त्या जुन्या पद्धतीच्या टायरांना सपाटी येते, त्यामुळे पहिले काही मैल मोरयाचा गजर आपोआप ठेक्यात होतो.

राहता राहिले काढून ठेवलेले भाग: डिस्क ब्रेक, क्रोमची चाकं, एसी, नारिंगी इंजिन. हे सगळं गॅरेजच्या माझ्या निम्म्या भागात रचलेलं. डिसेंबर ते मार्च माझी रोजची गाडी बाहेर बर्फात, आणि मी पहाटे अंधारात काच खरवडत. शेवटी मीच जाहिरात दिली. बघायला एक कॉलेजातला पोरगा आला, तो 1967 च्याच ल मान्समधून. आजोबांची गाडी. एएम रेडिओ जागेवर, क्लिपा जागेवर, ड्रम ब्रेक जागेवर, डिकीच्या कडेला अस्सल ओघळ. नवरा तिच्याभोवती दोनदा फिरला. त्याचा कंठ दाटून आला होता. “राहू दे ना रे अशीच,” तो त्या पोराला इंग्रजीत विनवत होता.

“ब्रेक लागत नाहीत,” पोरगा म्हणाला.

पाऊण तास प्रवचन झालं. पोराने सगळं ऐकून घेतलं, डिस्क ब्रेक घेतले, क्रोमची चाकं घेतली, आणि स्वतःचा रेडिओ नि ड्रमचं सगळं सामान आम्हाला फुकट देऊ केलं. नवऱ्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. पैसे मी घेतले.

त्यातून मी माझ्या गाडीला रिमोट स्टार्टर बसवून घेतला. आता स्वयंपाकघरातून बटण दाबलं की गाडी आपली आपण गरम होते. नवऱ्याला हे पसंत नाही. कंपनीने दिलेलं नसताना गाडीत असलं काही बसवू नये, असं त्याचं मत आहे.