आणखी शंभर फूट

२०१३ च्या एप्रिलमध्ये जालना जिल्ह्यातील आमच्या शेतात बोअरची गाडी रात्री नऊला आली आणि पहाटे चारला निघून गेली. त्या सात तासांत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जे निर्णय घेतले त्यांचा विचार माझ्या मनातून आजही गेलेला नाही, आणि तो येथे सविस्तर मांडावा असे वाटते.

आदल्या वर्षी पाऊस झाला नव्हता. विहिरीचा तळ उघडा पडला होता आणि आठ वर्षे वाढवलेली मोसंबीची ३०० झाडे टँकरच्या पाण्यावर कशीबशी तग धरून होती. बोअर ३०० फूट घ्यायचा असे घरात ठरले होते आणि तेवढ्यापुरतेच पैसे जवळ होते. ३०० फुटांवर नुसता धुरळा उडत होता. अण्णा म्हणाले, "आणखी शंभर फूट जाऊ." ४०० फुटांवर तेच वाक्य पुन्हा आले. ५०० फुटांवर ते काही बोलले नाहीत, फक्त हाताने खूण केली. ५४० फुटांवर आम्ही थांबलो, ते काकांकडून रात्रीतून मागवलेले पैसेही संपले म्हणून. खाली पाणी नाही असे कोणी मान्य केले म्हणून नव्हे.

अण्णा हिशेबाला अत्यंत पक्के होते. खताच्या पिशवीमागे दहा रुपये वाचत असतील तर ते दुसऱ्या बाजारात जात. त्यामुळे या घटनेचे खापर अडाणीपणावर फोडणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. शिकल्यासवरलेल्या, शांतपणे खोलीत बसलेल्या माणसांचे मनही अशा वेळी त्याच वाटेने जाते, हे डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले आहे. त्यांनी लोकांपुढे दोन पर्याय ठेवले: एकतर ३,००० चा नक्की तोटा, नाहीतर ४,००० च्या तोट्याची ८० टक्के शक्यता आणि काहीच न गमावण्याची २० टक्के. सरासरी काढली तर दुसरा पर्याय ३,२०० चा, म्हणजे अधिक महाग पडतो. तरीही ९२ टक्के लोकांनी दुसराच निवडला. हेच आकडे नफ्याचे करून विचारल्यावर मात्र ८० टक्के लोकांनी नक्की मिळणारे ३,००० पदरात पाडून घेणे पसंत केले. मिळकतीच्या वेळी जपून पाऊल टाकणारा माणूस समोर नक्की नुकसान दिसले की जोखीम घ्यायला तयार होतो.

बोअरच्या गाडीपाशी नेमके हेच घडते. ३०० फुटांवर गाडी बंद करणे म्हणजे ते पैसे बुडाले असे त्या क्षणी, शेजाऱ्यांच्या देखत, कबूल करणे. गाडी चालू आहे तोवर हिशेब मिटलेला नसतो. शिवाय आधी घातलेला पैसा पुढच्या पैशाला ओढतो. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. आर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५ मध्ये विद्यार्थ्यांना विचारले होते की, बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या दोन सहलींची तिकिटे तुम्ही काढलीत, एक १०० डॉलरचे आणि एक ५० डॉलरचे; दोन्ही एकाच दिवशी आहेत, पैसे परत मिळणार नाहीत, आणि स्वस्त सहलीत तुम्हाला अधिक मजा येईल असे वाटते, तर कुठे जाल? निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी महाग सहल निवडली. पैसे दोन्हीकडचे गेलेलेच होते.

आमच्या शिवारात या मोहाला खडकाची साथ मिळते. मराठवाड्याचा बहुतेक भाग लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या खडकात पाणी राहते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या भागात आणि भेगांमध्ये. खोल जावे तसा खडक सहसा घट्ट होतो आणि पाण्याची शक्यता घटते. दुसरीकडे फुटाचा दर खोलीबरोबर वाढत जातो. म्हणजे पहिल्या शंभर फुटांपेक्षा पाचवे शंभर फूट महागही असतात आणि आशाही कमी देतात. तरी गाडीजवळ उभ्या असलेल्या माणसाला उलटेच वाटते: इतके खाली आलो, आता पाणी जवळच असणार. आपण किती खोल आलो याची खडकाला काही खबर नसते, पण खोदणाऱ्याच्या मनात प्रत्येक फूट पाण्याकडे जाणारी पायरी बनलेला असतो.

येथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो मला स्वतःलाच बरीच वर्षे सतावत होता. झाडे जगली असती तर त्यांनी पुढे उत्पन्न दिले असते. मग त्यांच्यासाठी जास्त खर्च करणे चूक कसे? ते चूक नाही. परंतु त्यासाठी प्रश्न असा विचारायला हवा होता की, ही झाडे येत्या वर्षांत काय देतील आणि पुढच्या शंभर फुटांत पाणी लागण्याची शक्यता किती. अण्णा त्या रात्री वारंवार म्हणत होते ते वेगळे होते: "आठ वर्षं लेकरासारखी वाढवलीत." त्या वाक्यातले दुःख खरे होते, त्याचा मी आजही आदर करतो, पण निर्णय मागच्या आठ वर्षांवर झाला, पुढच्यांवर नाही.

जागा पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून दाखवली होती. तो माणूस लबाड नव्हता. त्याचा स्वतःच्या विद्येवर मनापासून विश्वास होता. आमच्या पंचक्रोशीत त्याने दाखवलेल्या आणि पाणी लागलेल्या प्रत्येक विहिरीची गोष्ट लोक सांगतात. कोरड्या गेलेल्या जागांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही नसते आणि लपवण्यासारखे पुष्कळ असते. "अमक्याला साडेपाचशेला दोन इंच पाणी लागलं" हे वाक्यही याच प्रकारचे. ते बहुधा खरेच असते. परंतु साडेपाचशेवर कोरडे राहिलेले किती, हे त्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय त्या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही, आणि ती दुसरी संख्या गावात कोणालाच माहीत नसते. माझ्या मते खरी हानी येथे होते. चुकीच्या जागी खोदल्याने पैसे एकदाच जातात. अपयश झाकले गेल्याने पुढचा प्रत्येक शेतकरी तीच चूक नव्याने करतो.

म्हणून दोन गोष्टींचा मी आग्रह धरतो. पहिली, खोलीचा आकडा गाडी येण्यापूर्वी कागदावर लिहावा आणि थांबवण्याचा अधिकार त्या रात्री गाडीजवळ नसलेल्या माणसाला द्यावा. धुरळा उडत असताना कोणाचेही मन स्वच्छ राहत नाही. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे १९७ फुटांपेक्षा, खोल विहिरीला किंवा बोअरला मनाई करतो. तो भूजल वाचवण्यासाठी आहे, पण मला त्यात शेतकऱ्याला त्याच्या स्वतःच्या त्या रात्रीच्या मनापासून वाचवणारी मर्यादाही दिसते. दुसरी, प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील सर्व बोअरची नोंद फलकावर लावावी: वर्ष, खोली, पाणी लागले की नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक अशा नोंदींवरून आपल्याला पुष्कळ काही सांगू शकतील, पण नोंदी आधी हव्यात, आणि त्यात कोरडे बोअर लाज न बाळगता लिहिलेले हवेत.

गेल्या वर्षी भावाने नवा बोअर घ्यायचे ठरवले तेव्हा आम्ही कागदावर १९५ फूट लिहिले आणि तो कागद आईच्या हाती दिला. अण्णा आता नाहीत. १९० च्या पुढे भावाने माझ्याकडे पाहिले, मी घरी फोन लावला, आणि आईने फक्त "बास" म्हटले. गाडी थांबली.

आपापल्या शिवारातील बोअरची माहिती या पोस्टखाली लिहावी, कोरड्यांची आवर्जून लिहावी, अशी सर्वांना विनंती. आमच्यापासून सुरुवात करतो.

२००३, २८० फूट, कोरडा.
२०१३, ५४० फूट, कोरडा.
गेल्या वर्षीचा, १९५ फूट, कोरडा.