निराधार होण्यापूर्वी करायची तयारी

निराधार व्हायचं ठरलंच असेल तर कृपा करून घाई करू नका. नवरा तडकाफडकी जातो, हात मशीनमध्ये सापडतो, पोरं म्हातारपणी अंग काढून घेतात. ही सगळी कारणं शासनाला मान्य आहेत, फक्त तुमचा वेंधळेपणा मान्य नाही. तयारीला निदान पंधरा वर्षं आधी लागा. हा आकडा गमतीने सांगत नाही, संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी महाराष्ट्रात तेवढा रहिवास दाखवावा लागतो. योजना १९८० पासून चालू आहे. महिन्याला १,५०० रुपये मिळतात, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. पासष्टी गाठली की तुम्ही म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत जाता आणि तिथेही १,५०० रुपयेच मिळतात. एवढ्या घबाडासाठी थोडी पूर्वतयारी नको का?

पहिलं काम म्हणजे उत्पन्न आटोक्यात आणणं. मर्यादा आहे कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. एकवीस हजार म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशोबाने ६७ दिवस राबायचं आणि खोरं खाली ठेवायचं. अडुसष्टाव्या दिवशी कामावर गेलात की २१,२१६ रुपये झाले आणि तुम्ही सधन. वर्षाचे उरलेले दिवस घरी बसून निराधारपण जपा.

एवढं करून नाउमेद वाटलं तर दुसऱ्या खिडकीवर जा, तिथे गरिबीचा भाव वेगळा आहे. लाडक्या बहिणीला हेच १,५०० रुपये मिळायला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. धर्मादाय रुग्णालयात निर्धन म्हणून मोफत खाट मिळायला १,८०,००० पर्यंत चालतं. तीच बाई दोन ठिकाणी गरीब आणि तहसीलच्या दारात खाऊनपिऊन सुखी. दोन्हीकडून पंधराशे घेता येत नाहीत, हे मात्र सगळ्यांच्या बरोब्बर लक्षात असतं.

उत्पन्नाचा दाखला काढायला तलाठ्याकडे जाताना चेहरा भुकेला ठेवा, पण फार नको. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पदाचं नाव बदललंय, सजावर, म्हणजे त्याच्या हद्दीतल्या कार्यालयात, भेटण्याचा वार अजून कळलेला नाही) सहसा समंजस माणूस असतो. एकवीस हजारांत घर चालतं यावर त्याचा विश्वास बसत नाही, तो तरी काय करणार! म्हणून तो अहवालात अंदाजाने छत्तीस किंवा अठ्ठेचाळीस हजार लिहितो. त्याचा अंदाज तहसीलदाराच्या सहीने दाखल्यावर छापून आला की तुमचा अर्ज संपला. तेव्हा अहवाल वर जाण्याआधी त्यात कोणता आकडा लिहिलाय ते वाचून घ्या. किती दिवस मजुरी मिळाली, सातबाऱ्यावर नाव असेल तर जमिनीतून खरंच काय हाती आलं, हे लेखी द्या. आणि मुलगा वेगळा राहत असेल तर आधी रेशनकार्ड वेगळं करा, दाखल्याच्या मागे नंतर लागा. क्रम उलटा केलात तर त्याच कार्डावर असलेल्या मुलाचा पगार तुमच्या ताटात मोजला जातो. तो पगार ताटात कधी पडला होता का, हे विचारणारा रकाना अर्जात नाही.

जन्म व्यवस्थित तारखेला घ्या. गावोगावच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस आधार कार्डावर १ जानेवारी आहे, कारण नोंदणी करणाऱ्याने साल अंदाजाने टाकलं आणि तारीख यंत्राने बसवली. अंदाज चार वर्षांनी हुकला तर चार वर्षं श्रावणबाळ विसरा. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, त्यामुळे आधार केंद्राला चालेल असा शाळेचा दाखला हातात असल्याशिवाय त्या फंदात पडू नका. शाळेतच गेला नसाल तर ती चूक वेळीच सुधारायला हवी होती.

नाव सगळीकडे एकाच अक्षरांत जगा.

नवऱ्याला सांगून ठेवा की मरायचं तर रीतसर मर. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि तो आदेश काढायला ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे तो सहसा निराधार नसतो. जाणारा कमावता असेल, वय १८ ते ५९ असेल आणि घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात, हे तेराव्याला आलेल्या पुढाऱ्यांपैकी कोणीही सांगणार नाही. आणि नवरा मेला नसून नुसताच निघून गेला असेल तर तुमचं नशीबच खोटं. कायद्याने तो सात वर्षं जिवंत असतो. तोवर विधवा म्हणून अर्ज करू नका, परित्यक्ता म्हणून करा. पोलिसांत हरवल्याची तक्रार दिली असेल तर तिची प्रत जोडा. 'नवऱ्याने टाकल्याचा दाखला आणा' असं खिडकीवरून सांगितलं जाईल. तो दाखला देणारी खिडकी कुठे आहे हे त्या खिडकीलाही ठाऊक नसतं.

आजारी पडायचं असेल तर धर्मादाय रुग्णालयात पडा, पण अनामत भरण्याआधी. तिथल्या एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम याच कामासाठी वेगळ्या निधीत टाकावी लागते. मुख्य काउंटरवर हे विचारू नका, तिथे कोणी काही ऐकलेलं नसतं. वैद्यकीय समाजसेवकाची खोली विचारा. ती जिन्याखाली किंवा औषधांच्या गोदामाशेजारी सापडते.

आता मुख्य तयारी. अनुदान मंजूर झालं, यादीत नाव आलं, पेढे वाटू नका. पैसे आता डीबीटीने (सरकारकडून थेट खात्यात) येतात, म्हणजे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार क्रमांकावर येतात. तो आधार ज्या बँकेशी जोडलेला असेल तिथे जाऊन पडतात. हे 'जोडलेलं' दोन प्रकारचं असतं, आणि दोन्हीतला फरक तुम्हाला कोणी समजावून सांगू नये असा बहुधा संकेत असावा. पहिला प्रकार म्हणजे बँकेने तुमच्या खात्याच्या माहितीत आधार क्रमांक नोंदवणं. याने केवायसी होते, बाकी काही होत नाही. दुसरा म्हणजे बँकेने तोच क्रमांक एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेच्या, यादीवर चढवणं. याला सीडिंग म्हणतात आणि पैसे यावरच येतात. म्हातारी विचारते, 'बाबा, आधार लिंक आहे का?' काउंटरवरचा पडद्याकडे न बघता म्हणतो, 'आहे.' तो खोटं बोलत नाही. पहिल्या प्रकारचं आहेच की! म्हातारी तहसीलला जाते, तिथे सांगतात, 'सीडिंग नाही, बँकेत जा.' बँकेत सांगतात, 'आमच्याकडून झालंय, तहसीलला जा.' एसटीचं अर्धं तिकीट असल्यामुळे या दोन वाक्यांच्या मध्ये एक म्हातारी कितीही महिने फिरू शकते.

आणि एका वेळी एका आधारवर एकच बँक. शेवटी जिथे सीडिंग झालं ती. मध्येच गावात कोणी टॅब घेऊन आला, 'आजी, अंगठा द्या, झिरो बॅलन्सचं खातं उघडून देतो' म्हणाला, आजीने दिला. सीडिंग त्या नव्या बँकेकडे गेलं. पैसे दर महिन्याला नियमाने तिथे जमा होताहेत आणि आजी दर महिन्याला जुन्या बँकेत पासबुक भरून घेत्ये, पैसे आले नाहीत म्हणून तहसीलला शिव्या देत्ये. तहसीलच्या संगणकावर 'यशस्वी' दिसतंय. कोणी एकाने 'आजी, दुसरं खातं आहे का कुठे?' एवढं विचारलं असतं तर प्रश्न मिटला होता. पण विचारायचं कोणी? काउंटर क्रमांक तीनने? तो जेवायला गेलाय. बारा वाजताच. आणि आला की म्हणणार सर्व्हर डाऊन आहे, उद्या या, संमती अर्ज संपलेत, झेरॉक्स करून आणा, नाही नाही दोन्ही बाजूंची, आता चार वाजले. परवाच एका शाखेत सत्तरीपुढच्या बाईला त्याने सांगितलं, 'मावशी, मोबाईलवर ओटीपी येईल तो सांगा.' मावशींच्या आधारला नंबर आहे नातवाचा. नातू पुण्यात, रात्रपाळी करून झोपलेला. ओटीपीची मुदत संपली. 'आता परत नंबर लावा.' अंगठा घेऊन बघा म्हटलं तर अंगठा उमटत नाही, कारण पन्नास वर्षं कापणी करून त्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. डोळ्याचं स्कॅन चालतं, चेहऱ्याने ओळख पटवता येते, अरे बाबा, तुमच्याच प्रणालीत आहे ते! 'आमच्याकडे मशीन नाही.' मग कोणाकडे आहे ते तरी सांग! एक वाक्य! त्याला पगार मिळतो त्या वाक्याचा!

असो. सल्ल्याकडे वळू.

पतसंस्थेत खातं असेल तर ते डीबीटीला चालत नाही.

अर्ज मंजूर करणाऱ्या तालुक्याच्या समितीची बैठक कधी होते ते कोणाला विचारू नका, वाईट दिसतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठक नाही. समिती बरखास्त झाली की बैठक नाही. नवी नेमायची तर अध्यक्षपद कोणाच्या कार्यकर्त्याला द्यायचं यावर आधी वरच्या बैठका होतात, आणि तोवर तुमची फाईल गठ्ठ्यात. मंजूर झालात तरी दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. नुसतं जिवंत असणं पुरत नाही, मार्चअखेरीच्या सुमाराला कागदावरही जिवंत असावं लागतं.

मदतीचे नंबर हवे असतील तर व्हॉट्सॲपवर फिरणारी 'गरजूंसाठी अत्यंत उपयुक्त यादी, जास्तीत जास्त शेअर करा' ही उघडा. त्यात बंद पडलेल्या संस्था, बदली झालेले अधिकारी आणि एका केटररचा नंबर आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि मोफत वकिलासाठी १५१०० हे चार नंबर त्या यादीत शेवटी असतात किंवा नसतातच. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना सरकारी खर्चाने वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. पोरांनी घराबाहेर काढलेल्या आईबापाला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) साध्या कागदावर अर्ज करून पोटगी मागता येते. पण यादीत हे टाकलं तर केटररला जागा कुठून राहणार?

आता सरळच बोलतो.

खिडकीमागच्या माणसा, त्रुटी पाच असतील तर पाचही पहिल्याच दिवशी सांग. कागदावर लिहून, तारीख घालून, खाली सही करून सांग. एका फेरीला एक त्रुटी काढायची आणि पुढच्या फेरीला दुसरी, हा नियम कुठल्याही शासन निर्णयात नाही, तो तुझ्या आळसाचा आहे. समोर उभ्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो आणि तुला ते माहीत असतं. अर्ज घेतलास तर पोच द्यायची. उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत द्यायचा, तो उपकार नव्हे, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली तुझ्यावर ती जबाबदारी आहे आणि कसूर केलीस तर पाच हजारांपर्यंत दंड तुझ्या खिशातून जाऊ शकतो. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, शासनाने तो माफ केलाय, तरीही तुझ्या दारात बसलेला माणूस पाचशेचा स्टॅम्प विकतो आणि तू तो न बोलता फाईलला लावून घेतोस. लाज वाटू दे.

आणि वाचकहो, तुम्हीसुद्धा. थंडीत रस्त्यावर पन्नास घोंगड्या वाटून फोटो टाकता, सातबाऱ्यापासून शेअर बाजारापर्यंत सगळं मोबाईलवर उघडता, आणि तुमच्या घरी वीस वर्षं भांडी घासणाऱ्या विधवा बाईंचा अर्ज का अडलाय हे एकदा तरी विचारलंत? आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर त्यांच्या आधारने शिरलं की बँक सीडिंगची स्थिती दिसते. कोणती बँक, चालू आहे की बंद, ते तिथे लिहिलेलं असतं. त्यांचा ओटीपी लागेल आणि तुमची पाच मिनिटं. नंबर नातवाचा असेल तर नातवाला आधी फोन करा, झोपेतून उठवा. बँक चुकीची निघाली तर हव्या त्या बँकेचा संमती अर्ज घ्या, 'पूर्वी दुसऱ्या बँकेत जोडलेले आहे, ते येथे बदलावे' या पर्यायावर खूण करा, जुन्या बँकेचं नाव लिहा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या आणि चार दिवसांनी तीच स्थिती पुन्हा बघा. बदललेली नसेल तर शिक्क्याची प्रत घेऊन व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये जा. काउंटर क्रमांक तीनवर जाऊ नका.