बाळ सारखंच, मग पैसे कमी-जास्त का?

पालकत्व रजेतला भत्ता पगाराच्या प्रमाणात द्यावा की सगळ्यांना सारखा, हा विषय निघाला की हा प्रश्न आलाच म्हणून समजा. ‘डायपर काय पगार बघून लागतात?’ टाळ्या. विषय संपला.

अहो, पण तो भत्ता डायपरचा नसतोच! घरी राहिल्याने बुडालेल्या पगाराची ती भरपाई असते. सगळ्यांना एकच बेताची रक्कम द्या आणि गंमत बघा. नवरा-बायको हिशोबाला बसतात, ज्याचा पगार जास्त त्याची रजा परवडत नाही, आणि बहुतेक घरांत तो ‘ज्याचा’ म्हणजे बाबाच. झालं! आई घरी, बाबा कामावर, आणि ‘पुरुष रजाच घेत नाहीत हो’ असं रडगाणं गायला आपण मोकळे. जर्मनीने २००७ मध्ये भत्ता पगाराशी जोडला, वर दोन महिने दुसऱ्या पालकासाठी राखून ठेवले, तेव्हा कुठे तिथले बाबालोक रजेचे अर्ज भरू लागले.

पण पगारवाल्यांनो, तुम्हीही लगेच माना डोलावू नका. त्याच जर्मनीत मूळ भत्ता महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो आणि कमीत कमी ३००. जिला आधी नोकरीच नव्हती तिच्या वाट्याला ३००. बरं, हा पैसा येतो सरकारी तिजोरीतून, आणि खरेदीवरचा कर तीही भरतेच की! आकडे २००७ पासून तेच. महागाईला मात्र कुणी रजेवर पाठवलेलं नाही.

पगाराशी जोडा, जरूर जोडा. पण तळाची रक्कम वाढवा म्हटलं की सगळ्यांना नेमका तेव्हाच तिजोरीवरचा ताण कसा आठवतो?