मालकाचं उत्तर : "कोणी काही सांगितलं नाही" एवढं मात्र खरं नाही

नमस्कार सर. तुमचा १ स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री शटर ओढताना वाचला आणि जेवण गेलं नाही. मनालीजवळच्या भृगू लेकच्या वाटेवर एकट्याने टेन्टमध्ये रात्र कुडकुडत काढावी लागली, त्याबद्दल मनापासून सॉरी. आमच्याकडून भाड्याने नेलेल्या स्लीपिंग बॅगेत माणसाला झोप लागली नाही हे वाईटच, त्यात वाद नाही.

पण तुम्ही लिहिलंय की "बॅगवर मायनस ५ लिहून फसवणूक करतात, टेन्ट गळका, स्टोव्ह पेटला नाही, दुकानात कोणी काही सांगितलं नाही आणि वर डिपॉझिटमधून ३५० कापले". यातलं फसवणूक आणि कोणी काही सांगितलं नाही हे दोन शब्द लागले सर. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आधी आमची चूक. बॅगेच्या आतल्या कंपनीच्या लेबलवर कंफर्ट ० डिग्री आणि लिमिट मायनस ५ डिग्री असं दोन्ही छापलंय. कंफर्ट म्हणजे ज्या तापमानाला साधारण बाई सैल अंगाने आरामात झोपू शकते, आणि लिमिट म्हणजे पुरुषमाणूस अंगाची जुडी करून रात्र कशीतरी काढू शकतो. आम्ही बाहेर जो स्टिकर लावतो त्यावर फक्त मायनस ५ होतं, कारण गिऱ्हाईक तेच विचारतं. हे चुकलं, स्टिकर बदलतोय.

आता बॅगेखाली अंथरायच्या मॅटचं. तुम्ही बुकिंगला आलात तो शनिवार होता, साडेसातची वेळ, तुमच्यामागे कॉलेजची ४-५ मुलं उभी होती आणि तरी मी तुमच्यासाठी बॅग उलगडली. आठवत असेल तर बॅग फरशीवर टाकून मी स्वतः तिच्यावर बसलो आणि माझ्या अंगाखालची बाजू चिमटीत धरून तुम्हाला दाखवली, की बघा इथे हॉलोफायबर, म्हणजे आतला कृत्रिम कापूस, दबून पापडासारखं झालंय, यात आता हवाच उरली नाही, आणि ऊब ही त्या हवेची असते, म्हणजे वरून मायनस ५ची बॅग असली तरी खालून तुम्ही जवळपास जमिनीवरच झोपताय आणि जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून फोम मॅट घ्या म्हटलं, दिवसाला ३० रुपये, ६ दिवसांचे १८०, वजन पाव-अर्धा किलो. तुम्ही म्हणालात बॅकपॅकला बाहेर लटकवलेलं बरं दिसत नाही आणि जॅकेट खाली घालीन. मी दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवरही टाकलं होतं "सर मॅट घेऊन जा, पैसे नका देऊ", त्याला तुमचा अंगठा आलाय. तो मेसेज अजून आहे माझ्याकडे. इथे फोटो टाकत नाही कारण तुमचा नंबर दिसेल, पण आहे. १८० रुपयांसाठी मी गळ्यात पडत होतो असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं नव्हतं, फुकटच देत होतो.

आणि थंडी किती पडेल हेही बोलणं झालेलं. मनाली २ हजार मीटरवर, वाटेवरचा रोला खोलीचा कॅम्प १२ हजार फुटांच्या म्हणजे साधारण ३६०० मीटरच्या वर, दर हजार मीटरला साधारण ६ डिग्री उतरतात, म्हणजे ऑक्टोबरमध्ये मनालीत रात्री ७ असेल तर वर शून्याच्या खाली जाणारच, आभाळ निरभ्र असेल तर आणखी. त्यात तुम्ही व्हॉल्वोने उतरून दुसऱ्याच दिवशी गुलाब्याहून, जिथून ट्रेक सुरू होतो तिथून, वर चढलात, डोकं दुखत होतं म्हणून रात्री जेवला नाहीत, हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय. रिकाम्या पोटी अंग तापत नाही सर. बरोबर दुसरं कोणी असतं तर दोन घास खायला लावलं असतं, एकट्याला कोण सांगणार.

टेन्ट गळत नव्हता. परत आला त्या दिवशी गच्चीवर उभा करून बादलीने पाणी ओतून बघितलं, थेंब आत आला नाही. थंडीला वरची खिडकी आणि चेन पूर्ण बंद केली की श्वासातली वाफ थंड कापडावर बसते आणि पहाटे तीच अंगावर टपकते. सगळ्यांना वाटतं गळतोय. स्टोव्हचंही तसंच, तुम्ही मनालीत घेतलेल्या गॅसच्या डब्यात नुसता ब्युटेन असेल तर शून्याखाली तो गॅस होतच नाही. डबा रात्री बॅगेत कुशीत घेऊन झोपा हे सांगायचं त्या गर्दीत माझ्याकडून राहिलं, तेवढं कबूल.

३५० धुलाईचे आहेत, दंड नाही. बॅग ओली असताना पिशवीत कोंबून ३ दिवसांनी आली, उघडल्यावर कुबट वास. धुवायला माझी बायकोच घेते, बाथरूममध्ये पायाने तुडवून, मग दोन दिवस गच्चीवर उलटीसुलटी करत वाळवायची, मशीनला टाकली की आतलं फायबर गोळा होतं. तेवढे दिवस ती बॅग भाड्याला जात नाही. तरी तुम्हाला जास्त वाटत असतील तर परत करतो, ३५० रुपयांवरून मला कोणाचं वाईट व्हायचं नाहीये.

सर आमचं १० बाय १२चं दुकान आहे, ११ वर्षं झाली. डिसेंबरचे केदारकंठा ट्रेकचे ग्रुप आत्ताच बुकिंग करतात, त्यावर आमचं पुढचं अर्धं वर्ष चालतं. तुमचा रिव्ह्यू वाचून काल एका ग्रुपने १४ बॅगांचं बुकिंग कॅन्सल केलं, फोनवर म्हणाले "तुमच्या बॅगा फेक आहेत ना". काय बोलणार मी?

तुम्ही एकटे वर होतात त्या रात्री मी "उतरलात का" म्हणून मेसेज टाकलेला, सिंगल टिक होती. गुलाब्याच्या वर नेटवर्क नसतं हे माहीत असूनही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार वेळा फोन उघडून बघितला, डबल टिक आली तेव्हा बरं वाटलं. हे तुम्हाला सांगणार नव्हतो.

यापुढे एकट्या जाणाऱ्यांना मॅट बॅगेबरोबरच देणार, वेगळं भाडं नाही, आणि सूचनांचा एक कागद पण करतोय, जमेल तसं. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, थंडी वाजली ते खरंच आहे, ते राहू दे. फक्त ते कोणी काही सांगितलं नाही हे वाक्य बदललंत तर उपकार होतील. पावती घेऊन कधीही या, सोमवारी बंद असतं.